वॉरहॉलचा डबा आणि बेळगावचा बाजार



आजच्या व्याख्यानासाठी निवडलेला विषय वरवर पाहता लहान आहे. शाळेतल्या चित्रकलेच्या तासाला अँडी वॉरहॉल कसा शिकवावा, एवढाच तो आहे. अलीकडे मुलांच्या चित्रकलेच्या वर्गांत आणि सुटीतल्या शिबिरांत ‘पॉप आर्ट’ नावाचा एक धडा रुळला आहे. कागदाची चौघडी करायची, चारही घरांत एकच चित्र काढायचे आणि प्रत्येक घरात वेगळे भडक रंग भरायचे. चित्र बहुधा सूपच्या डब्याचे असते, नाहीतर केळ्याचे किंवा एखाद्या नटीच्या चेहऱ्याचे. धडा मुलांना आवडतो, एका बैठकीत संपतो आणि भिंतीवर उठून दिसतो. माझे म्हणणे असे आहे की या धड्यात वॉरहॉलचे रंग असतात, त्याची नजर नसते. आणि ती नजर मुलांना द्यायची असेल तर बेळगाव-निपाणीच्या मुलांसाठी अमेरिकेतला डबा मागवण्याची गरज नाही. त्यासाठी लागणारे सामान गणपत गल्लीत आणि खडे बाजारात पडलेले आहे, आणि ते पाहण्याची शिस्त या गावाच्या चित्रपरंपरेत आधीपासून आहे.

वॉरहॉल कोणत्या मुशीतून आला हे आधी पाहू, कारण शिकवण्याच्या दृष्टीने त्याच्या प्रसिद्धीपेक्षा त्याचे शिकणे महत्त्वाचे आहे. तो 1928 साली पिट्सबर्गला जन्मला. पोलादाच्या कारखान्यांचे, धुराचे, मजुरांचे ते गाव. आईवडील कार्पेथियन डोंगराळ भागातून, आजच्या स्लोव्हाकियातून आलेले. वडील मजुरी करणारे. आठव्या वर्षाच्या सुमारास मुलाला मज्जासंस्थेचा आजार झाला आणि अंथरुणात पडल्या पडल्या त्याच्या सोबतीला सिनेमाची मासिके, चित्रकथा आणि रंग एवढेच उरले. त्या गावात कार्नेगी संस्थेच्या संग्रहालयात शाळकरी मुलांसाठी शनिवारी चित्रकलेचे मोफत वर्ग भरत. जोसेफ फिट्झपॅट्रिक हे शिक्षक तिथे शिकवत आणि त्यांचा सगळा भर नीट बघण्यावर असे. मजुराच्या घरातला हा मुलगा त्या वर्गात बसला. पुढे 1949 साली त्याने कार्नेगीच्याच तंत्रशिक्षण संस्थेतून चित्रसंकल्पनाची पदवी घेतली आणि न्यूयॉर्क गाठले. तिथे त्याने सारे दशक कशात घालवले? बुटांच्या जाहिराती काढण्यात. मासिकांची पाने, शुभेच्छापत्रे, पुस्तकांची वेष्टने ही त्याची रोजची भाकरी होती. जगाला तो माहीत झाला तेव्हा दहा वर्षांहून अधिक काळ त्याचा हात दुकानदारासाठी चालत होता.

त्या काळातली त्याची एक युक्ती शिक्षकांनी लक्षात ठेवण्याजोगी आहे. तो न शोषणाऱ्या कागदावर शाईने थोडीशी रेघ काढी आणि ती ओली असतानाच दुसऱ्या कागदावर दाबून उठवी. मग पुढचा तुकडा, पुन्हा दाब. उठलेली रेघ सलग नसे. कुठे शाई साचलेली, कुठे तुटलेली. हाताने काढलेले आणि छापलेले यांच्या मधल्या जागेतली ती रेघ होती. या युक्तीला बोरू किंवा टाक, शाई आणि दोन प्रकारचे कागद यांपलीकडे काहीही लागत नाही. सहावीतले मूल ती एका तासात करू शकते, आणि छाप म्हणजे काय, नक्कल म्हणजे काय, मूळ कागद कोणता आणि उठवलेला कोणता, हे प्रश्न त्याच्यापुढे आपोआप उभे राहतात. चौघडीच्या धड्यात यातला एकही प्रश्न उभा राहत नाही.

आता त्या डब्यांकडे येऊ. 1962 च्या जुलैत लॉस एंजेलिसच्या फेरस गॅलरीत कॅम्पबेल सूपच्या डब्यांची 32 चित्रे मांडली गेली. प्रत्येक चित्र वीस इंच उंच आणि सोळा इंच रुंद. ती एका अरुंद फळीवर, किराणा दुकानातल्यासारखी ओळीने ठेवलेली होती. चित्रे बत्तीसच का? त्या वेळी कंपनी बत्तीस चवींचे सूप विकत होती म्हणून. ही चित्रे यंत्राने छापली असे सर्रास समजले जाते. प्रत्यक्षात ती हाताने रंगवलेली आहेत. डब्याच्या तळाशी असलेली फुलांची पट्टी तेवढी शिक्क्याने उठवलेली आहे. रेशमी जाळीतून छापण्याचे तंत्र वॉरहॉलने त्याच वर्षी, पण या डब्यांनंतर हाती घेतले. म्हणजे ज्या चित्रांना आपण यंत्राच्या पुनरुक्तीचे उदाहरण मानतो ती एका माणसाने बत्तीस वेळा बसून केलेली आहेत. आणि त्यांतले कोणतेही दोन डबे सारखे नाहीत, कारण प्रत्येकावर चवीचे नाव वेगळे आहे, ओळींची मांडणी वेगळी आहे. पाहणारा आधी म्हणतो, सगळे एकच आहे. मग जवळ जातो, आणि फरक दिसू लागतात. ‘सगळे एकच आहे’ पासून ‘हे वेगळे आहे’ पर्यंतचा हा प्रवास मुलाकडून करून घेणे, हाच माझ्या मते या चित्रांवरचा धडा. चौघडीत उलटे होते. तिथे फरक मुलाने शोधलेला नसतो, रंगपेटीने फुकट दिलेला असतो.

बेळगावच्या वर्गात हा धडा कसा उभा राहील? समजा सातवीच्या मुलांना सांगितले की घरी आलेले मिठाईचे रिकामे खोके आणा. वर्गात वेगवेगळ्या दुकानांच्या कुंद्याचे, करदंटाचे दहाबारा खोके जमतील. ते टेबलावर ओळीने मांडावेत आणि पहिला अर्धा तास कोणीही पेन्सिल उचलू नये. नुसते पाहावे. दुकानाचे नाव कोणत्या लिपीत मोठे आहे? सोनेरी पट्टी कुठे थांबते? झाकणावर देवाचे चित्र आहे की फुलांची वेल, आणि ती वेल झाकणाच्या कोपऱ्यावर कशी मुरडली आहे? खोका उघडून सपाट केल्यावर त्याचा आकार कसा दिसतो? यानंतर एकच खोका निवडून तो चारदा काढायचा, पण रंग बदलायचे नाहीत. चार वेळा तोच, तितक्याच काळजीने. चौथ्या चित्रात मुलाला जे दिसेल ते पहिल्यात दिसलेले नसते. पुनरावृत्ती कंटाळवाणी असते ही गोष्ट खरी, पण कंटाळ्याच्या पलीकडे नजर बारीक होते, आणि गवयाच्या रियाजाला मान देणाऱ्या आपल्या समाजाला हे पटवून सांगावे लागू नये.

या गावाकडे आणखी एक ठेवा आहे जो पिट्सबर्गकडे नव्हता. बेळगावचे मूल बाजारातून चालताना तीन लिप्या वाचते. दुकानांवरच्या पाट्या हा इथे भांडणाचा, मोर्च्यांचा आणि कायद्याचा विषय आहे आणि त्या भांडणात प्रत्येकाची बाजू ठरलेली आहे. माझीही आहे. पण चित्रकलेच्या तासाला ती बाहेर ठेवता येते आणि ठेवलीच पाहिजे. देवनागरीची शिरोरेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावते आणि अक्षरे तिला लोंबकळतात. कन्नडच्या अक्षरावरचा तलकट्टु ज्याच्या त्याच्या डोक्यावर राहतो, शेजाऱ्याला हात देत नाही, आणि खालचे अंग गोल वळसे घेते. रोमन अक्षर जमिनीवर उभे राहते. एकाच पाटीवर या तिघांना बसवणाऱ्या रंगाऱ्याला जागेचा हिशोब करावा लागतो, आणि तो हिशोब सोडवणे हा मांडणीचा उत्कृष्ट पाठ आहे. शासकीय रेखाकला परीक्षेत वस्तुचित्र, स्मरणचित्र, नक्षीकाम आणि भूमितीबरोबर अक्षरलेखन हे विषय वेगवेगळ्या कागदांवर विभागलेले आहेत. बाजारातली एक पाटी किंवा एक खोका घेतला की हे चारही विषय एकाच कागदावर येतात. म्हणून हा धडा अभ्यासक्रमाला उपरा आहे, असे मला वाटत नाही.

यावर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप याच गावातून येईल. के. बी. कुलकर्णींच्या गावात वॉरहॉल कशाला? कुलकर्णी सरांच्या चित्रमंदिराने इथे घडवलेली परंपरा निसर्गासमोर बसून, माणूस समोर बसवून, प्रकाश आणि छटा पारखून रंगवण्याची आहे. जलरंगाचा एक हात असा मारायचा की पुन्हा त्यावर फिरावे लागू नये, ही तिची प्रतिष्ठा. त्या तुलनेत डबे आणि खोके काढणे म्हणजे कष्ट चुकवण्याचा मार्ग, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. चौघडीच्या धड्याबाबत ती शंका पूर्णपणे योग्य आहे. परंतु कुलकर्णी सरांच्या शिष्यांमधले एक मोठे नाव पाहा. रवी परांजपे 1935 साली याच बेळगावात जन्मले, इथे शिकले, आणि त्यांचे आयुष्यातले फार मोठे काम कशात झाले? जाहिरातीत, बोधचित्रांत, छापील पानासाठी. मुंबईत आणि काही काळ नैरोबीत त्यांनी तेच केले. ‘ब्रश मायलेज’ या त्यांच्या आत्मकथनाच्या नावातच तो चाललेला कुंचला आहे. परांजपे आधुनिकतावादाचे कठोर टीकाकार होते, तेव्हा त्यांच्या नावावर वॉरहॉलची वकिली करणे अन्यायाचे होईल. तसे मी करत नाही. मी एवढेच दाखवतो की बेळगावची निरीक्षणाची शाळा आणि बाजारासाठी छापले जाणारे चित्र यांच्यात भिंत नव्हती. निरीक्षणाने तयार झालेला हात छापखान्यात गेला आणि तिथे त्याने उत्तम काम केले. मराठी घरांतल्या भिंतींवर आणि दिवाळी अंकांवर दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर पोहोचले ते याच वाटेने. त्यांची दिनदर्शिका आणि मुखपृष्ठे ही आपली लोकप्रिय चित्रे. ती काढायला जी रेखांकनाची ताकद लागली ती कमी प्रतीची होती असे कोणी म्हणणार नाही. म्हणून माझी अट अशी: खोक्याचे चित्र वस्तुचित्राच्याच कसोटीवर तपासावे. कडा सरळ आहेत का, यथादर्शन बरोबर आहे का, झाकणाची सावली कुठे पडते, हे सगळे विचारावे. या कसोटीवर जो धडा टिकत नाही तो वॉरहॉलच्या नावाने असला तरी सोडून द्यावा.

दुसरा आक्षेप पालकांचा आहे. मुलांच्या डोळ्यांवर दिवसभर जाहिराती आदळतात. चित्रकलेचा तास तरी त्यांपासून सुटलेला असावा. बालकलेच्या जुन्या विचारवंतांचेही काहीसे असेच म्हणणे होते. व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी 1947 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात रंगवायच्या तयार पुस्तकांना आणि नकलेला कडक विरोध केला, कारण त्यांनी मुलाची स्वतःची अभिव्यक्ती मरते. त्या विरोधातला कळवळा मला मान्य आहे. पण मूल चित्र काढायला बसते तेव्हा त्याच्या मनाची पाटी कोरी असते हे गृहीतक टिकलेले नाही. 1977 मध्ये ब्रेंट आणि मार्जरी विल्सन यांनी किशोरवयीन मुलांना त्यांच्याच चित्रांबद्दल विचारले, ही आकृती कुठून आली म्हणून. जवळपास प्रत्येक आकृतीचा माग कोणत्या तरी आधीच्या चित्रापर्यंत, चित्रकथेपर्यंत, दूरचित्रवाणीपर्यंत पोहोचला. मुले चित्रांवरूनच चित्रे काढतात. बेळगावचे मूल दिवाळीत किल्ला करते तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे पुस्तकातला, सिनेमातला आणि शेजारच्या गल्लीतला किल्ला असतो. शिवजयंतीच्या चित्ररथांच्या मिरवणुकीतले देखावेही छापील चित्रांतूनच उतरलेले असतात. मग प्रश्न उरतो तो एवढाच, की हे ऋण मुलाला ठाऊक असावे की नसावे. बाजारातले चित्र वर्गाबाहेर ठेवले तर ते मुलाच्या मनाबाहेर जात नाही. फक्त त्याच्याविषयी प्रश्न विचारायची जागा जाते.

कोणते प्रश्न? एक प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो: हे कोणी काढले? 1964 साली वॉरहॉलने ब्रिलो नावाच्या भांडी घासायच्या साबणाच्या खोक्यांची हुबेहूब लाकडी प्रतिकृती न्यूयॉर्कच्या स्टेबल गॅलरीत मांडली. तत्त्वज्ञांनी त्यावर पुस्तके लिहिली. पण मूळ खोका कोणी संकल्पिला होता? जेम्स हार्वी नावाच्या चित्रकाराने. तो स्वतः अमूर्त शैलीत मोठे कॅनव्हास रंगवी आणि पोटासाठी वेष्टने काढी. पुढच्याच वर्षी तो वारला, आणि त्याचे नाव अभ्यासकांपुरते राहिले. आपल्या बाजारातल्या खोक्यांचे, पाट्यांचे, लेबलांचे असे किती हार्वी असतील? फ्लेक्स येण्यापूर्वी दुकानाच्या पाटीच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘अमुक आर्ट्स’ किंवा ‘तमुक पेंटर’ अशी सही असे. ती सही शोधायला मुलांना पाठवणे हा कलेतिहासाचा पहिला पाठ आहे. शेजारच्या कोल्हापुरात तर ‘पेंटर’ हा शब्द आनंदराव आणि बाबूराव यांच्या नावाला असा चिकटला की आडनावच झाला.

नक्कल आणि मालकी यांचा गुंताही इथेच सांगता येतो. वॉरहॉलचे मेरिलिन मन्रो या नटीचे चित्र एका चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी काढलेल्या छायाचित्रावरून आले आहे. रॉय लिक्टेनस्टाइनची गाजलेली चित्रे चित्रकथांतल्या चौकटींवरून, आणि त्या चौकटी काढणाऱ्यांना या चित्रांच्या पैशातले काही मिळाले नाही. 2023 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गायक प्रिन्सच्या छायाचित्रावरून वॉरहॉलने केलेल्या चित्राच्या खटल्यात छायाचित्रकार लिन गोल्डस्मिथ यांच्या बाजूने निकाल दिला. नववी-दहावीच्या मुलांना हे समजते. दुसऱ्याची वही उतरवू नये हे त्यांना रोज सांगितले जाते. मग चित्रकाराने उतरवले तर काय, यावर त्यांची मते मोठ्यांपेक्षा स्पष्ट असतात.

आता निपाणी. हा भाग मी मुद्दाम वेगळा ठेवला, कारण इथे माझ्याच युक्तिवादाची खरी परीक्षा आहे. निपाणीचा बाजार म्हणजे तंबाखू आणि विडी. तंबाखूच्या वखारींवर आणि विड्या वळण्यावर, मुख्यतः बायकांच्या हातांवर, तिथली घरे उभी राहिली. 1981 साली याच तंबाखूच्या भावासाठी शेतकरी रस्त्यावर उतरले आणि गोळीबारात माणसे गेली. विडीच्या कट्ट्यावरचे लेबल हे या भागातले सर्वांत अस्सल छापील चित्र आहे: मालकाचा फोटो, एखादा प्राणी, एखादी देवता, भोवती वेलबुट्टीची चौकट, लाल-पिवळ्या रंगांचा ठणठणीत मेळ. ‘आपल्या बाजाराकडे पाहा’ म्हणणाऱ्याने निपाणीच्या शाळेत हे लेबल टाळले तर तो खोटे बोलतो. आणि ते आणले तर मुलांच्या हातात तंबाखूची जाहिरात देतो. हा पेच खरा आहे.

माझे उत्तर असे. प्राथमिक वर्गांत विडीचे लेबल आणू नये. त्या वयात मूल चित्राला भुलते आणि प्रश्न मागे राहतो. आठवीपासून पुढे मात्र आणावे, आणि एकटे आणू नये. कायद्याने पाकिटावर सक्तीचा केलेला इशारा आणि त्यातले आजाराचे भयानक चित्र लेबलासोबतच वर्गात यावे. 2016 पासून तंबाखूच्या पाकिटाच्या दर्शनी भागाचा 85 टक्के हिस्सा या इशाऱ्यासाठी राखलेला आहे. एकाच कागदाच्या तुकड्यावर एक चित्र विकत घ्या म्हणते आणि दुसरे घेऊ नका म्हणते. लोकप्रिय चित्राची ताकद दाखवणारे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. मग मुलांना विचारावे: लेबलावर मालक आहे, वाघ आहे, देव आहे. विडी वळणारी बाई कुठे आहे? ती तुम्ही काढा. लेबलाच्याच मापात, त्याच चौकटीत, त्याच रंगांत. वर्गातल्या काहींच्या आया आणि आज्या त्या चौकटीत बसतील. वॉरहॉलने नटीला डब्याच्या रांगेत आणले. निपाणीच्या मुलीने आपल्या आजीला लेबलाच्या चौकटीत आणले तर ती पॉप आर्टची रीत तर शिकलीच, शिवाय वॉरहॉलने न विचारलेला एक प्रश्न तिने विचारला. तंबाखूवर जगणाऱ्या गावात चित्रकलेच्या तासाने तंबाखूचा उच्चारच करू नये, असे म्हणणाऱ्यांची चिंता मी समजतो. पण त्या मौनाने मुलाचे फुप्फुस वाचत नाही आणि त्याच्या घराचा मान मात्र जातो.

परदेशी वॉरहॉलऐवजी आपली लोककला का शिकवू नये, असाही एक आक्षेप घेतला जातो. जरूर शिकवावी. पण वारलीचे काय झाले ते पाहा. जिव्या सोमा म्हसे यांनी लग्नाच्या चौकातून बाहेर आणून स्वतंत्र केलेली ती चित्रभाषा आज शाळेच्या कुंपणांवर त्रिकोणी माणसांच्या ठरीव रांगा होऊन बसली आहे. जो शिक्षक वॉरहॉलची चौघडी करतो तोच वारलीचा ठसा करतो. दोष उसन्या विषयात नाही, न पाहता उतरवण्यात आहे. भारतात पॉप आर्टशी नाते सांगणारे काम भूपेन खख्खर यांनी बडोद्यात 1960 च्या दशकात सुरू केले ते बाजारातल्या देवदेवतांच्या छापील चित्रांचे तुकडे चिकटवूनच, आणि त्या चित्रांची मुळे शोधत गेलो तर आपण रवि वर्म्यांच्या मुंबईतल्या आणि मळवलीच्या छापखान्यापर्यंत, पुण्याच्या चित्रशाळेपर्यंत पोहोचतो. छापील चित्र घराघरांत नेण्याचा हा उद्योग मराठी मुलखात वॉरहॉलच्या जन्माआधी दोन पिढ्या चालू होता.

राहता राहिला खर्चाचा आणि शिक्षकाचा प्रश्न. वॉरहॉलने 1962 च्या उत्तरार्धात हाती घेतलेले जाळीच्या छपाईचे तंत्र आज लग्नपत्रिका आणि कापडी पिशव्या छापणाऱ्या कारागिरांच्या रोजच्या हातातले आहे. लाकडी चौकटीवर ताणलेली जाळी, तिच्यावर प्रकाशाने घट्ट होणारा थर, चित्राच्या जागी न घट्ट झालेला भाग पाण्याने धुऊन काढणे, आणि मग रबराच्या पट्टीने शाई ओढणे. शाळेत एवढेही नको असेल तर रांगोळीचा छापा आहे, जुनी क्ष-किरण फिल्म कापून केलेली स्टेन्सिल आहे. रंग थोडा सरकला, दुसरा हात पहिल्यावर चपखल बसला नाही, तर वॉरहॉल ती चूक तशीच ठेवी. मुलांनीही ठेवावी आणि ती का झाली ते सांगावे. या कामासाठी शाळांनी वर्षातून दोन दिवस जाळीवर छापणारा एक कारागीर आणि हाताने पाटी रंगवणारा एक पेंटर बोलावावा, चित्रकलेच्या शिक्षकांनी त्यांच्याबरोबर उभे राहून शिकवावे. फ्लेक्सने या पेंटरांचे काम हिरावले असले तरी त्यांतल्या जुन्या मंडळींच्या हातात तिन्ही लिप्या अजून आहेत. आणि त्यांना नारळ-शाल देऊन पाठवू नये. पाहुण्या अध्यापकाचे रीतसर मानधन द्यावे, आणि मुलांच्या चित्रांच्या प्रदर्शनात भिंतीवर मुलांच्या नावांबरोबर त्यांचेही नाव लिहावे, तिन्ही लिप्यांत, त्यांच्याच हाताने.